मान हलवली म्हणजे 'नॉड' की 'शेक'? हालचालीची इंग्रजी क्रियापदं कशी निवडायची

टाचणटीप

'त्याने मान हलवली.' वाक्य तीन शब्दांचं आहे, पण इंग्रजीत नेताना मागचं-पुढचं वाचल्याशिवाय हात लावता येत नाही. होकार असेल तर 'ही नॉडेड', नकार असेल तर 'ही शुक हिज हेड'. मराठीत हवंच असेल तर 'मान डोलावली' म्हणून होकार स्पष्ट करता येतो, पण नुसतं 'हलवली' दोन्हीकडे चालतं.

शब्दकोशात 'हलवणे'समोर मूव्ह, शेक, स्टर, वेव्ह, रॉक असे शब्द स्वल्पविराम देऊन रांगेत बसवलेले असतात. त्यातला कुठला कधी उचलायचा हे कोश सांगत नाही. माझी आतापर्यंतची मांडणी देते, चुकलं असेल तिथे झोडपा.

मूव्ह: वस्तूची जागा बदलते. आधी इथे होती, आता तिथे आहे. 'मूव्ह द चेअर' म्हणजे खुर्ची सरकव, 'शेक द चेअर' म्हणजे खुर्ची गदागदा हलव.

शेक: अख्खी वस्तू भराभर, पुढे-मागे किंवा वर-खाली, आणि एकदा नाही, अनेकदा. औषधाची बाटली, धूळ बसलेली चादर, फळं पाडायला झाडाची फांदी.

स्टर: भांडं जागेवरच राहतं, आत चमचा फिरतो. चहात साखर घालून 'शेक द टी' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कपच हिंदकळवणारा माणूस उभा राहतो.

वेव्ह: हात, रुमाल, झेंडा. एक टोक धरलेलं, दुसरं मोकळं.

वॅग: कुत्र्याची शेपटी, किंवा दटावताना नाचवलेली तर्जनी. संपली यादी. घोडा किंवा गाय माश्या हाकलायला शेपूट हलवते ते 'स्विश'.

स्विंग आणि स्वे ही जोडी मला आवडते. वरचं टोक अडकवलेलं आणि खालचं झुलतंय, तर स्विंग (झोका, लंबक, टांगलेला दिवा). खालचं टोक रोवलेलं आणि वरचं डुलतंय, तर स्वे (बांबू, उंच गवत, उभा माणूस).

रॉक: पाळणा, होडी, झुलती खुर्ची. सावकाश, लयीत, या बाजूकडून त्या बाजूकडे.

वॉबल: टेबलाचा एक पाय तोकडा असला की ते डुगडुगतं, तेच.

यावरून मला वाटतं इंग्रजी आपल्याला तीन गोष्टी विचारते. नेमका कुठला भाग हलतो, कुठला भाग पक्का आहे, आणि हालचाल एकदा की पुन्हापुन्हा. मराठी यातलं काही न विचारता 'हलवणे' देऊन मोकळी होते.

अवग्रह

यादीत 'बज' राहिला. तसूभर हलणे. गंमत म्हणजे तो जवळजवळ नेहमी नकारात येतो: 'द डोअर वोन्ट बज', दार हलायला तयार नाही. 'द डोअर बज्ड' असं सरळ होकारार्थी वाक्य क्वचित सापडेल, आणि तिथेही 'शेवटी एकदाचं हललं' असा भाव असतो.

दात हलतो तेव्हा मात्र क्रियापदच नको. 'द टूथ इज लूज'. तो जिभेने किंवा बोटाने हलवून बघायचा तर 'विगल'.

चौथी_विभक्ती

मांडणी छान. याच चालीवर 'ठेवणे' घेऊ, कारण चुकांचा सगळ्यात मोठा डोंगर तिथे आहे.

'मी पुस्तक टेबलावर ठेवलं' याचं 'आय केप्ट द बुक ऑन द टेबल' होतं आणि आपल्या कानाला त्यात काही खटकत नाही. पण 'पुट' म्हणजे वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी जाण्याचा क्षण, आणि 'कीप' म्हणजे त्यानंतर ती तिथे राहणं, मुद्दाम राहू देणं. म्हणून:

'पुट द मिल्क इन द फ्रिज' = हे दूध आत्ता फ्रिजमध्ये नेऊन ठेव.
'कीप द मिल्क इन द फ्रिज' = दूध फ्रिजमध्ये ठेवत जा, बाहेर ठेवू नकोस.

कसोटी सोपी आहे. मराठी वाक्यात 'नेऊन ठेवलं' घालून अर्थ टिकतो का बघा. टिकला तर पुट. 'ठेवत असे' किंवा 'ठेवून घेतलं' घालून टिकतो? मग कीप. 'कीप द चेंज' म्हणजे सुटे पैसे तुमच्याकडेच राहू द्या, तिथे पुट शिरूच शकत नाही.

तिसरा भाऊ 'लीव्ह'. वस्तू मागे राहिली आणि तुम्ही निघालात. 'किल्ल्या टेबलावर राहिल्या' = 'आय लेफ्ट माय कीज ऑन द टेबल'. इथे 'फरगॉट' टाळावं. 'आय फरगॉट माय कीज' एवढंच असेल तर ठीक, पण कुठे राहिल्या ती जागा सांगितली की क्रियापद 'लीव्ह' होतं.

'प्लेस' म्हणजे जपून, नेमक्या ठिकाणी ठेवणे. सूचनापत्रकात शोभतो. घरातल्या बोलण्यात 'प्लेस युअर बॅग ऑन द फ्लोअर' म्हटलं तर तपासणी चालू आहे असं वाटेल.

पुटला जोडून येणारे छोटे शब्दही पाठ हवेत, कारण मराठीत ते काम दुसरं क्रियापद करतं. पुट डाउन: हातातलं खाली ठेव. पुट बॅक: होतं तिथे ठेव. पुट अवे: आवरून ठेव. या शेवटच्या दोघांत फरक असा की 'बॅक'ला वस्तूची आधीची जागा लागते आणि 'अवे'ला तिची नेहमीची जागा. जमिनीवर विखुरलेली खेळणी 'पुट अवे' करायची असतात. 'पुट बॅक' म्हटलं तर एखादं तल्लख पोर ती पुन्हा जमिनीवर पसरेल.

झुळूक

कपडे 'घालणे' याच जातीचं ना? 'वेअर' आणि 'पुट ऑन'?

चौथी_विभक्ती

अगदी. 'शूज घाल आणि चल' = 'पुट ऑन युअर शूज'. 'त्याने निळा शर्ट घातला आहे' = 'ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट'. पुट ऑन ही कृती, काही सेकंदांची. वेअर ही स्थिती, दिवसभराची.

आणि यातून मोठा सापळा दिसतो. मराठीत कृती पूर्ण झाली की स्थिती सुरू झाली, म्हणून आपण 'घातला आहे', 'बसला आहे', 'झोपला आहे' म्हणतो. इंग्रजीत त्याच स्थितीसाठी चालू रूप लागतं: 'इज वेअरिंग', 'इज सिटिंग', 'इज स्लीपिंग'. 'तो बाकावर बसला आहे' याचं 'ही हॅज सॅट' केलं की वाक्य लंगडं होतं.

उलट 'तो बसतोय, थांब' असं आपण म्हणतो तेव्हा तो अजून बसलेला नसतो, बूड टेकायच्या वाटेवर असतो. ते 'ही इज सिटिंग डाउन'. 'डाउन' लागलं की कृती, नसलं की बहुतेक स्थिती. स्टँड आणि स्टँड अप, लाय आणि लाय डाउन यांनाही हेच लागू.

पायमोजे

'उठणे' विसरू नका. तीन वेगळ्या घटना आहेत. डोळे उघडले: वेक अप. अंथरूण सोडलं: गेट अप. खुर्चीतून पायांवर आला: स्टँड अप किंवा गेट अप. 'आय वोक अप अ‍ॅट सिक्स बट गॉट अप अ‍ॅट एट' हे बिनचूक वाक्य आहे. मराठीत ते 'सहाला जाग आली पण आठला उठलो' होतं.

लगोरी

आत्तापर्यंत एकेका शब्दाबद्दल चाललंय. माझ्या मते अडचण वाक्याच्या सांगाड्यात आहे.

मराठी वाक्य घ्या: 'ती धावत जिना चढली.' मुख्य क्रियापद 'चढली', ते वाट सांगतं: वर. 'धावत' हे रीत सांगतं आणि बाजूला बसतं. इंग्रजीत हे नेमकं उलटं: 'शी रॅन अप द स्टेअर्स'. रीत क्रियापदात शिरली आणि वाट 'अप' या टिचभर शब्दात गेली. 'शी क्लाइम्ब्ड द स्टेअर्स रनिंग' व्याकरणाने पडत नाही, पण असं कोणी बोलत नाही.

लेनर्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९८५ सालच्या लेखात भाषांमधला हाच फरक दाखवला होता: काही भाषा हालचालीची वाट क्रियापदात भरतात, काही भाषा रीत भरतात. स्पॅनिश पहिल्या गटात, इंग्रजी दुसऱ्या. मराठीही रोजच्या बोलण्यात पुष्कळदा पहिल्या गटासारखीच वागते.

भाषांतरासाठी यातून एक कृती निघते. मराठी वाक्यातला '-त' लागलेला शब्द शोधा (धावत, लंगडत, रांगत, पोहत). त्याला मुख्य क्रियापद करा. मग मराठीच्या मुख्य क्रियापदाचं छोट्या शब्दात रूपांतर करा: चढणे = अप, उतरणे = डाउन, शिरणे = इनटू, बाहेर पडणे = आउट ऑफ, ओलांडणे = अक्रॉस, समोरून जाणे = पास्ट, परतणे = बॅक.

पोहत नदी ओलांडली: स्वॅम अक्रॉस द रिव्हर.
लंगडत खोलीत शिरला: लिम्प्ड इनटू द रूम.
चवड्यांवर चालत दारासमोरून गेली: टिपटोड पास्ट द डोअर.
बाळ रांगत टेबलाखालून बाहेर आलं: क्रॉल्ड आउट फ्रॉम अंडर द टेबल.

सकर्मक वाक्यांत '-ऊन' असतं, तिथेही हेच चालतं. 'फुंकर मारून धूळ उडवली' = 'ब्लू द डस्ट ऑफ'. 'लाथ मारून चेंडू बाहेर घालवला' = 'किक्ड द बॉल आउट'.

मराठी वाक्यात रीत नसेलच तर उगाच घालू नका. 'तो वर गेला' याला 'ही वेंट अप' पुरे. तिथे 'असेंड', 'डिसेंड', 'एन्टर', 'एक्झिट' वापरायचा मोह होतो, कारण ते मराठीसारखेच एका शब्दात वाट सांगतात. पण हे लॅटिन-फ्रेंच घराण्याचे शब्द आहेत, अंगावर कोट चढवून येतात. स्वयंपाकघरात कोणी 'एन्टर' होत नाही, 'गो इन' किंवा 'कम इन' होतं.

अवग्रह

कृती चांगली आहे, पण आंधळेपणाने वापरली तर फजिती होते. 'ती हसत खोलीत आली' याला तुमचा नियम लावला तर 'शी स्माइल्ड इनटू द रूम' होईल! '-त' वाला शब्द पुढे सरकायचं साधन असेल तरच तो क्रियापदाच्या गादीवर बसतो. लंगडणं, पोहणं, रांगणं यांनी माणूस पुढे सरकतो. हसण्याने, शीळ घालण्याने, विचार करण्याने सरकत नाही. म्हणून 'शी केम इन स्मायलिंग'.

लगोरी

मान्य, ही अट हवीच होती. एक भर घालतो: आवाजाची काही क्रियापदं मात्र इंग्रजी या गादीवर बसवते, जर तो आवाज त्या हालचालीतूनच निघत असेल तर. 'खडखडाट करत गाडी पुलावरून गेली' = 'द कार्ट रॅटल्ड ओव्हर द ब्रिज'. खडखडाट चाकांचाच आहे. गाडीवान गात असेल तर तो 'सँग ओव्हर द ब्रिज' होत नाही.

उकार_वेलांटी

मला एक शंका आहे. या सगळ्यातून मराठीत रीत सांगणारी क्रियापदं नाहीतच असा समज होतोय. भेलकांडणे, खुरडणे, सरपटणे, घरंगळणे, झेपावणे, लटपटणे, धडपडणे, फरफटणे, कुडकुडणे. ही काय आहेत मग?

थंडीने कापणं वेगळं आणि भीतीने कापणं वेगळं हे आपल्याकडेही आहेच. कुडकुडणे = शिव्हर, थरथरणे = ट्रेंबल, शहारणे = शडर (एकच जोरदार लाट). आणि 'क्रॉल' या एका इंग्रजी शब्दात आपलं रांगणं आणि सरपटणं दोन्ही कोंबलेलं आहे. साप सरपटतो ते वेगळं सांगायचं तर इंग्रजीला 'स्लिदर' काढावा लागतो.

'रोल' बघा. चेंडू घरंगळतो, गाढव धुळीत लोळतं, पोळी लाटतात, चटई गुंडाळतात, बाही दुमडतात. इंग्रजीत सगळीकडे रोल, फार तर 'आउट' किंवा 'अप' लावून. मराठीकडून इंग्रजीत जाताना डोकं खाजवावं लागतं हे खरं, पण उलट्या दिशेने येणाऱ्यालाही लागतं.

लगोरी

बरोबर आहे, शब्दांचा तुटवडा नाही. फरक वाक्यात ते कुठे बसतात यात आहे. 'भेलकांडणे' आहे, पण 'तो भेलकांडत दाराबाहेर पडला' असंच म्हणतो ना आपण? 'तो दाराबाहेर भेलकांडला' म्हटलं तर तो दाराबाहेर उभा असताना भेलकांडला असं वाटतं. इंग्रजीत 'ही स्टॅगर्ड आउट ऑफ द डोअर' म्हटलं की दार ओलांडणं त्यातच आलं.

'घरंगळणे' मात्र तुमच्या बाजूने साक्ष देतं. 'चेंडू पायऱ्यांवरून खाली घरंगळला' चालतं.

झुळूक

'पडणे', 'पाडणे', 'टाकणे' यावर कोणीतरी लिहा. 'माझ्या हातून कप पडला' हे 'द कप फेल फ्रॉम माय हँड' की 'आय ड्रॉप्ड द कप'?

टाचणटीप

दुसरं. पहिलं चूक नाही, पण इंग्रजी कानाला ते अंग काढून घेतल्यासारखं वाटतं. मराठीत 'पाडला' म्हटलं की मुद्दाम किंवा निष्काळजीपणाने असा वास येतो, म्हणून आपण 'हातून पडला' म्हणून सौम्य करतो. इंग्रजी 'ड्रॉप'मध्ये तो आरोप नाही. चुकून सुटला तरी ड्रॉप, मुद्दाम सोडला तरी ड्रॉप.

पण ड्रॉपला एक अट आहे: वस्तू तुमच्या हातात किंवा ताब्यात असली पाहिजे. टेबलावरच्या पेल्याला कोपर लागून तो लवंडला तर 'आय ड्रॉप्ड द ग्लास' चूक. ते 'आय नॉक्ड द ग्लास ओव्हर'. लवंडून टेबलाखाली गेला तर 'नॉक्ड इट ऑफ द टेबल'. आतलं पाणी सांडलं ते 'स्पिल'. एकाच अपघातात तिन्ही येऊ शकतात: पेल्याला धक्का लागला (नॉक), पाणी सांडलं (स्पिल), पुसायला उचललेलं फडकं हातातून सुटलं (ड्रॉप).

स्पिल आणि पोर: 'ओतणे' मुद्दाम, म्हणून पोर. 'सांडणे' बहुतेक वेळा चुकून, म्हणून स्पिल.

'फॉल' अकर्मक आहे, त्याला कर्म चालत नाही. 'ही फेल द कप' म्हणता येत नाही. शिवाय घोळ असा की 'फॉल'चा भूतकाळ 'फेल', आणि 'फेल' हे स्वतंत्र वर्तमानकाळी क्रियापदही आहे: झाड तोडून पाडणे. त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. म्हणजे 'द ट्री फेल' = झाड पडलं, 'दे फेल्ड द ट्री' = त्यांनी झाड तोडून पाडलं.

पडण्याचे बारकावे: उभी वस्तू कलंडून पडली तर 'फॉल ओव्हर' किंवा 'टॉपल'. उंचावरून पडली तर 'फॉल ऑफ' (पृष्ठभागावरून: छप्पर, घोडा, सायकल) आणि 'फॉल आउट ऑफ' (आतून: खिसा, खिडकी, झाड). हो, झाड. इंग्रजीत माणूस झाडा'तून' पडतो, कारण फांद्या-पानांचा मिळून तो एक घेर मानला जातो. मांडव किंवा छत जागच्या जागी कोसळलं तर 'कोलॅप्स'.

अवग्रह

'टाकणे' मी घेतो. याचं एकच प्रतिरूप शोधायला जाऊ नका, टाकण्याच्या पद्धतीप्रमाणे तुकडे करा. मीठ टाक: अ‍ॅड किंवा पुट. पाणी टाक: पोर. कचरा टाकून दे: थ्रो अवे. गादी टाक: ले आउट. पाऊल टाक: टेक अ स्टेप. शाल अंगावर टाक: पुट ऑन, घाईत असेल तर थ्रो ऑन. दगड टाक: हातातून सोडायचा तर ड्रॉप, भिरकावायचा तर थ्रो.

भिरकावण्यातही 'टॉस' म्हणजे सहज, हलका हात, 'थ्रो' सर्वसाधारण, 'फ्लिंग' रागाने किंवा बेपर्वाईने, 'हर्ल' सगळं अंग झोकून.

आणि कृपा करून 'थ्रो टू' आणि 'थ्रो अ‍ॅट' यांची गल्लत करू नका. 'थ्रो द बॉल टू हिम' म्हणजे झेलायला टाकला. 'थ्रो द बॉल अ‍ॅट हिम' म्हणजे मारायला फेकला. हा 'अ‍ॅट' सगळीकडे नेम धरतो, लागल्याची हमी देत नाही. 'किक्ड द डॉग' = लाथ लागली. 'किक्ड अ‍ॅट द डॉग' = लाथ झाडली, लागली की नाही कोण जाणे. 'ग्रॅब्ड द रोप' = दोर पकडला, 'ग्रॅब्ड अ‍ॅट द रोप' = दोराकडे हात टाकला.

पायमोजे

घसरणे, थोडक्यात. स्लिप: पायाखालची पकड क्षणात सुटते, नेहमी नकळत. स्लाइड: पृष्ठभागाला चिकटून सलग सरकणं, मुद्दामही असू शकतं (घसरगुंडी). स्किड: चाकं रस्त्याला धरत नाहीत, गाडी भलतीकडे जाते. ओल्या फरशीवर माणूस आधी स्लिप होतो, मग जमल्यास थोडा स्लाइड होतो.

अडखळणे: ट्रिप म्हणजे पाय कशाला तरी अडकला, म्हणून 'ट्रिप ओव्हर अ वायर'. स्टंबल म्हणजे पावलं चुकली, तोल गेला, पण बऱ्याचदा सावरला.

उकार_वेलांटी

आणणे-नेणे: 'ब्रिंग' आणि 'टेक' मराठी माणसाला फारसे जड जाऊ नयेत. आपण 'येणे'बरोबर 'आणणे' आणि 'जाणे'बरोबर 'नेणे' लावतोच, इंग्रजी कमबरोबर ब्रिंग आणि गोबरोबर टेक लावते. ऐकणाऱ्याच्या ठिकाणाकडे निघालो तरी आपण 'येतो' म्हणतो आणि इंग्रजीही 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणते. 'येताना पुस्तक आणतो' = 'आय विल ब्रिंग द बुक'. बहुतेक ठिकाणी जोडी जुळते.

अडतं ते निरोपाच्या 'येतो'पाशी. दारातून निघताना 'येतो हं' म्हणतो त्याचं 'आय अ‍ॅम कमिंग' केलं की समोरचा विचारात पडतो, कारण माणूस तर चालला आहे. तिथे 'आय अ‍ॅम ऑफ' किंवा 'आय विल बी गोइंग'.

'फेच' म्हणजे जा, घे, आणि परत ये: तीन टप्पे एका शब्दात. म्हणून 'गो अँड फेच' मधला 'गो' खरं तर जास्तीचा, तरी सर्रास बोलतात. 'कॅरी'ला दिशाच नाही. वस्तूचा भार अंगावर किंवा हातात आहे एवढंच. 'टेक द बॉक्स अपस्टेअर्स' मध्ये वर पोचवणं महत्त्वाचं, 'कॅरी द बॉक्स अपस्टेअर्स' मध्ये वाहून नेणं.

झुळूक

उचलणे? 'लिफ्ट द फोन' चूक का मानतात?

चौथी_विभक्ती

कारण लिफ्टमध्ये वजन किंवा मोजून वर नेणं आहे. पेटी, झाकण, झोपलेलं मूल. खाली पडलेलं हलकं काही हातात घेणं म्हणजे 'पिक अप': पेन, नाणं, आणि वाजणारा फोन. फोनला 'आन्सर'ही चालतं.

'रेज' म्हणजे पातळी वाढवणे. वस्तू बहुधा कुठेतरी जोडलेली असते आणि वर सरकते: हात, भुवया, झेंडा, गाडीची काच. 'लिफ्ट युअर हँड' म्हटलं तर जखडून पडलेला हात कष्टाने उचलल्यासारखं वाटतं. वर्गात हात 'रेज' करतात, किंवा साध्या बोलण्यात 'पुट अप' करतात.

याच्या शेजारी 'राइज' उभा असतो. तो आपोआप होतो, कर्म घेत नाही: धूर, सूर्य, पाण्याची पातळी. राइज-रोझ-रिझन. रेज-रेज्ड-रेज्ड. मराठीत 'उठणे-उठवणे', 'सरकणे-सरकवणे' अशी जोडी एकाच धातूतून बनते, म्हणून आपल्याला सोपी. इंग्रजीत त्या जोड्या जुन्या काळाच्या अवशेषांसारख्या उरल्यात, एकेक पाठ करावी लागते.

सगळ्यात छळणारी जोडी 'लाय' आणि 'ले'. लाय = स्वतः आडवं होणं: लाय, ले, लेन. ले = दुसरी वस्तू आडवी ठेवणं: ले, लेड, लेड. पहिल्याचा भूतकाळ आणि दुसऱ्याचा वर्तमानकाळ हुबेहूब एकच. म्हणून 'ही ले ऑन द बेड' हे कालचं वाक्य आहे. इंग्रजी मातृभाषेचे लोकही यात सर्रास चुकतात, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका. आणि खोटं बोलणारा 'लाय' वेगळाच, त्याचं लाय, लाइड, लाइड.

पायमोजे

'ओढणे'ची रांगही लावून टाकू. पुल सर्वसाधारण, आपल्याकडे ओढणं. ड्रॅग: जड, जमिनीला घासत. टो: गाडीला गाडी दोराने बांधून. टग: छोटा हिसका, पोरगं आईचा पदर ओढतं तसा. पडद्यांना 'ड्रॉ' लागतो, आणि 'ड्रॉ द कर्टन्स'चा अर्थ उघडणं की लावणं हे त्या वेळच्या उजेडावरून ठरवायचं.

टाचणटीप

बस, गाडी वगैरेंचं 'चढणे-उतरणे'? 'गेट डाउन फ्रॉम द बस' आपल्याकडे इतकं रुळलंय की चूक वाटत नाही.

लगोरी

आपल्यात चालतं, बाहेर ते खिडकीतून उडी मारून खाली आल्यासारखं ऐकू येऊ शकतं. प्रमाण इंग्रजीत 'गेट ऑफ द बस'.

नियम वाहनाच्या आतल्या जागेवर बेततो. ज्यात उभं राहून चालता येतं (बस, आगगाडी, विमान, जहाज) तिथे गेट ऑन, गेट ऑफ. ज्यात वाकून शिरायचं आणि बसायचं (मोटार, टॅक्सी, छोटी होडी) तिथे गेट इन, गेट आउट ऑफ. ज्यावर मांड टाकून बसायचं (सायकल, मोटारसायकल, घोडा) तिथे पुन्हा ऑन, ऑफ. 'गेट डाउन' राखून ठेवा शिडी, झाड, टेबल अशा उंच जागांसाठी, किंवा 'खाली वाका!' असं ओरडायला.

'क्लाइम्ब' मात्र 'चढणे' नाही, हे लक्षात घ्या. त्यात हातापायांची खटपट आहे, दिशा नंतर. म्हणून 'क्लाइम्ब डाउन द लॅडर' चालतं, 'क्लाइम्ब थ्रू द विंडो' चालतं, 'क्लाइम्ब इनटू द ट्रक' चालतं. मराठीत 'चढून खाली आला' म्हटलं तर हसतील. आणि उलट: साप झाडावर 'चढतो', पण त्याला हातपाय नाहीत. तो वर जातोय म्हणून तिथे क्लाइम्ब चालतो. झाडावरून तो खाली येतोय तेव्हा 'द स्नेक क्लाइम्ब्ड डाउन' विचित्र वाटतं, कारण खटपटही नाही आणि वरची दिशाही नाही. दोन्हीतलं एक तरी लागतं.

अवग्रह

सापाचं उदाहरण झकास.

विभक्तीमुळे होणाऱ्या चुका जाता जाता. आपण 'स्टेशनवर पोचलो', 'खोलीत शिरलो' म्हणतो, म्हणून इंग्रजीतही जोडशब्द घालायचा हात शिवशिवतो. 'रीच्ड टू द स्टेशन' नाही, 'रीच्ड द स्टेशन'. 'एन्टर्ड इनटू द रूम' नाही, 'एन्टर्ड द रूम'. अप्रोच, क्रॉस, लीव्ह यांनाही थेट कर्म. 'अराइव्ह'ला मात्र जोडशब्द लागतोच: इमारत किंवा थांबा असेल तर 'अ‍ॅट', शहर किंवा देश असेल तर 'इन'. आणि कधीही 'टू' नाही.

झुळूक

शेवटचे दोन. बाकावर जागा करायला 'जरा सरका' म्हणतो ते? आणि 'उकिडवं बसणं'?

चौथी_विभक्ती

'कुड यू मूव्ह ओव्हर अ बिट?' कुठेही चालेल. ब्रिटनमध्ये ओळखीच्या माणसाला 'बज अप', अमेरिकेत 'स्कूट ओव्हर'. वर अवग्रह यांनी म्हटलं की 'बज' नकारात येतो, तर 'बज अप' हा त्याला अपवाद. आपल्याकडचं 'प्लीज अ‍ॅडजस्ट' तिकडच्या माणसाला कळत नाही, तो काय अ‍ॅडजस्ट करायचं ते शोधत बसतो.

उकिडवं बसणं: स्क्वॉट. तळवे जमिनीवर, गुडघे पूर्ण दुमडलेले, बूड अधांतरी. 'क्राउच'मध्ये अंग आक्रसून लहान केलेलं असतं, लपायला किंवा झेप घ्यायला. दबा धरून बसलेली मांजर क्राउच करते. 'नील' म्हणजे गुडघे टेकलेले, एक किंवा दोन्ही. 'स्टूप' म्हणजे पाय तसेच ठेवून कमरेत वाकणं, बुटक्या दारातून जाताना वाकतो तसं.

उकार_वेलांटी

बुटक्या दाराला 'डक' जास्त नेमका. स्टूपमध्ये पाठ वाकते आणि काही वेळ तशी राहते. डकमध्ये डोकं झटकन खाली जाऊन पुन्हा वर येतं. कपाळ वाचवायला डक, जमिनीवरची किल्ली उचलायला स्टूप.